भाकीत कशाचे: रोगाचे की शोधनिबंधांचे?

मायक्रोआरएनए आणि माणसाचे रोग यांच्यातले दुवे संगणकाकडून वर्तवून घेण्याचे काम गेली दीड दशके जोरात चालू आहे आणि अलीकडे त्याची सूत्रे प्रामुख्याने डीप लर्निंगच्या हाती गेली आहेत. नवनवी मॉडेले येत राहतात, प्रत्येकाला आद्याक्षरांचे लांबलचक नाव असते आणि सारांशात ०.९३ किंवा ०.९५ असा एखादा गुण झळकतो. हे गुण खोटे नाहीत. ते ज्या प्रश्नाला मिळालेले असतात तो प्रश्न मात्र रोगाचा कमी आणि शोधनिबंधांचा जास्त असतो: कोणत्या रोगावर आणि कोणत्या मायक्रोआरएनएवर संशोधकांनी आजवर लिहिले, आणि उद्या ते कशावर लिहितील? बोस्टनमध्ये किंवा शांघायमध्ये बसलेल्याला हा फरक बारीक वाटेल. भिलाईच्या सेक्टर ६ मधून पाहिले तर तो बारीक राहत नाही. नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर या रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना सिकलसेलचा दाट पट्टा आहे आणि नेमक्या याच रोगाबद्दल या मॉडेलांच्या पोतडीत फारसे काही नाही.

मुळात मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो स्वतः प्रथिन घडवत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या आधाराने तो जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटतो आणि त्या संदेशातून होणारी प्रथिननिर्मिती मंदावतो. चिकटण्याची जागा ठरते ती प्रामुख्याने त्याच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवरून, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावू शकतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या गटांनी १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत असा पहिला तुकडा दाखवला, तेव्हा ती कृमीपुरती गंमत मानली गेली. २००० साली लेट-७ हा तुकडा कृमीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा टिकून असल्याचे दिसले आणि चित्र पालटले. त्या दोघांना २०२४ चे नोबेल मिळाले. रोगाशी पहिला ठोस संबंध २००२ साली जुळला: दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या अनेक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, आणि मिर-१५ए व मिर-१६ ही जोडी नेमकी त्याच तुकड्यात बसलेली असते, असे जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे आणि सहकाऱ्यांनी दाखवले. हीच जोडी पुढे सिकलसेलच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

एका मायक्रोआरएनएची एका रोगातली भूमिका प्रयोगशाळेत सिद्ध करायला महिने जातात. मायक्रोआरएनए हजारांवर, रोग हजारांवर, म्हणून कुठे हात घालायचा ते संगणकाने सुचवावे, ही मूळ अपेक्षा रास्तच होती. त्यासाठी लागणारा कच्चा माल प्रामुख्याने पेकिंग विद्यापीठातल्या चिंगहुआ त्स्वी यांच्या गटाने चालवलेल्या एचएमडीडी या डेटाबेसमधून आला. त्यात शोधनिबंध वाचून 'अमुक मायक्रोआरएनए, तमुक रोग, अमुक पुरावा' अशा नोंदी माणसांनी भरलेल्या असतात. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतून गाळून घेतलेला एक तक्ता या क्षेत्रात वर्षानुवर्षे कसोटीचा दगड म्हणून वापरला गेला: ४९५ मायक्रोआरएनए, ३८३ रोग आणि त्यांच्यातल्या ५,४३० ज्ञात जोड्या. एकूण घरे १,८९,५८५. म्हणजे शंभरातली तीनसुद्धा घरे भरलेली नाहीत. उरलेल्या १,८४,१५५ घरांत शून्य लिहिलेले असते, पण त्या शून्याचा अर्थ 'संबंध नाही' असा नसून 'कुणी छापलेले नाही' असा आहे. संबंध आढळला नाही, असा निष्कर्ष निघालेला निबंध सहसा छापूनच येत नाही. भरलेली घरेही सारखी विखुरलेली नाहीत. सरासरीने रोगामागे चौदा जोड्या येतात, पण यकृताचा आणि स्तनाचा कर्करोग यांच्या वाट्याला प्रत्येकी दोनशेच्या आसपास आणि कित्येक रोगांच्या वाट्याला एखाद-दुसरी. ज्या रोगावर पैसा आणि माणसे, त्याच्या ओळी भरगच्च. बाकीच्यांच्या कोरड्या.

या तक्त्यावर पद्धतींच्या तीन पिढ्या येऊन गेल्या. पहिल्या पिढीचे गृहीतक साधे होते: सारख्या रोगांशी सारखे मायक्रोआरएनए जोडलेले असतात. रोगांचे साम्य मेश या वैद्यकीय शब्दसंग्रहाच्या फांद्यांवरून काढायचे, मायक्रोआरएनएंचे साम्य त्यांच्या रोगांवरून काढायचे आणि गुण पुढे सरकवायचे. दुसरी पिढी मॅट्रिक्स पूर्ण करण्याची: अर्धवट भरलेल्या तक्त्यामागे थोडेच लपलेले घटक आहेत असे मानून रिकामी घरे भरायची. तिसरी पिढी डीप लर्निंगची. तिच्यात मायक्रोआरएनए, रोग, कधी जनुके आणि औषधेही एका जाळ्यातल्या गाठी मानतात आणि ग्राफ कन्व्होल्यूशन, ऑटोएन्कोडर किंवा अटेन्शन अशा रचना प्रत्येक गाठीला तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून एक संख्यारूप ओळख देतात. दोन ओळखी जुळल्या की दुवा वर्तवायचा. फायदा खरा आहे. वेगवेगळ्या जातीची माहिती एकत्र बांधता येते, नातेसंबंध सरळ रेषेतच असले पाहिजेत असा आग्रह सुटतो आणि मायक्रोआरएनएचा अक्षरक्रमही थेट वापरता येतो. पण तिन्ही पिढ्यांचे अन्न एकच आहे, तो तक्ता. पचनशक्ती वाढल्याने अन्नातली उणीव भरून निघत नाही.

पहिली अडचण कसोटी घेण्याच्या रीतीत आहे. ज्ञात जोड्यांचे पाच भाग करायचे, चार भागांवर मॉडेल शिकवायचे आणि पाचवा लपवून ओळखायला लावायचा, ही प्रथा. आता मायक्रोआरएनएंचे जे 'कार्यसाम्य' सर्रास वापरतात, ते २०१० साली सुचवलेल्या पद्धतीने त्यांच्या ज्ञात रोगांवरूनच मोजलेले असते, आणि अनेकदा तयार फाइल म्हणून उतरवून घेतलेले असते. गाउसी कर्नल या गणिती सूत्राने काढलेले साम्य तर थेट तक्त्याच्या ओळी-स्तंभांवरूनच येते. पाचवा भाग लपवल्यावर ही दोन्ही साम्ये नव्याने मोजली नाहीत, तर लपवलेली उत्तरे साम्याच्या वाटेने आधीच मॉडेलच्या हाती पडलेली असतात. पेपर फुटलेल्या परीक्षेत ९५ टक्के मिळाले, तर त्यावरून अभ्यासाचा अंदाज बांधता येत नाही. काही गट प्रत्येक फेरीत साम्य नव्याने मोजतात आणि तसे स्पष्ट लिहितात. पण जिथे ते लिहिलेले नाही, तिथे गुणाकडे वाचकाने जपूनच पाहावे.

दुसरी अडचण प्रमाणाची. पुष्कळ निबंधांत ५,४३० ज्ञात जोड्यांसमोर रिकाम्या घरांतून तितक्याच जोड्या चिठ्ठी टाकून उचलतात आणि त्यांना 'नाही' मानून निम्म्या-निम्म्या संचावर परीक्षा घेतात. समजा, मॉडेल ज्ञात जोड्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि रिकाम्यांपैकी १० टक्क्यांना चुकून होकार देते. निम्म्या-निम्म्या संचात त्याचे दहापैकी नऊ होकार बरोबर ठरतात आणि निबंधात अचूकता ९० टक्के छापली जाते. हेच मॉडेल संपूर्ण तक्त्यावर लावले, तर ४,८८७ ज्ञात जोड्या हाती येतात आणि सोबत सुमारे १८,४०० रिकामी घरे. पाच होकारांमागे जेमतेम एक ज्ञात. त्या रिकाम्या घरांतली काही उद्या खरी निघतील हे मान्य, पण किती, ते त्या परीक्षेतून कळत नाही. प्रयोगशाळेत जाणाऱ्या माणसाला ज्या आकड्याची गरज आहे तो हा दुसरा, आणि छापला जातो पहिला.

तिसरी अडचण नावाजलेपणाची. कुठलाही रोग घ्या, मिर-२१, मिर-१५५, मिर-१४६ए ही नावे वरच्या पंक्तीत येतातच. पळसाला पाने तीनच. मिर-२१ इतक्या वेगवेगळ्या आजारांचा 'बायोमार्कर' म्हणून जाहीर झाला आहे, की तो कुठल्याच एका आजाराची खूण उरलेला नाही, असा इशारा २०२१ मध्ये मार्क हलुष्का यांच्या गटाने दिला. या रेणूला जीवशास्त्रात महत्त्व आहेच, पण तो पुष्कळ पेशींत मुबलक असतो, सहज मोजता येतो आणि आधीच प्रसिद्ध असल्याने पुन्हा मोजला जातो. म्हणून डीप लर्निंगच्या प्रत्येक मॉडेलशेजारी एक अगदी साधी तुलना ठेवायला हवी: ज्या मायक्रोआरएनएच्या नावावर जास्त रोग, त्याला जास्त गुण. जीवशास्त्राचा गंधही नसलेली ही मोजणी गुणांचा मोठा वाटा स्वतःच खाऊन टाकत असेल, तर मॉडेलची कमाई म्हणजे उरलेला फरक तेवढा. निबंधाच्या शेवटी येणारा 'केस स्टडी'चा भागही याच अंगाने वाचावा. एखाद्या कर्करोगासाठी मॉडेलने सुचवलेल्या पहिल्या पन्नासपैकी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस जोड्या डीबीडीईएमसी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सापडल्या, असे तिथे अभिमानाने सांगितलेले असते. पण त्या डेटाबेसची दुसरी आवृत्तीच ३६ प्रकारच्या कर्करोगांत पातळी बदललेल्या दोन हजारांहून अधिक मायक्रोआरएनएंची होती. इतक्या रुंद जाळ्यात डोळे झाकून टाकलेली नावेही पुष्कळ अडकतील. यादृच्छिक पन्नास नावांपैकी किती सापडली असती, हा आकडा शेजारी असल्याखेरीज अठ्ठेचाळीसला अर्थ नाही.

आता भिलाईचा प्रश्न. रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या तपासणीवर आधारलेला एक अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ टक्क्यांच्या आसपास मुले सिकलसेलची वाहक आढळली. हा नुसता आदिवासींचा आजार नाही. छत्तीसगडात साहू, कुर्मी अशा शेतकरी समाजांतही तो ठळक आहे, आणि महाराष्ट्रात विदर्भापासून नंदुरबारपर्यंत पसरलेला आहे. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू केलेल्या मोहिमेत २०४७ पर्यंत निर्मूलनाचे आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. सिकलिंगचे कारण शोधायला कुठल्याही मॉडेलची गरज नाही: बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, बस्स. न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे. तेच जनुक दोन्ही बाजूंनी मिळालेल्या दोन भावंडांत एक वारंवार वेदनेच्या झटक्यांनी रुग्णालयात आणि दुसरे शाळेत, असे का होते? त्याचे ठाऊक असलेले सर्वांत मोठे उत्तर म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, एचबीएफ. ते जन्मानंतरही ज्याच्या रक्तात भरपूर टिकते, त्याच्या तांबड्या पेशी सहज वाकड्या होत नाहीत. भारतातल्या बहुतेक रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपबरोबर (म्हणजे एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय खुणांच्या संचाबरोबर) एचबीएफ जास्त असते, म्हणून इथला आजार सौम्य, असे पुस्तकांत लिहिले जाते. नागपूरकडच्या मुलांच्या पाठपुराव्याने मात्र तो नेहमीच सौम्य नसतो हे दाखवले आहे. तीव्रता ठरवणारे आणखी काही आहे, आणि मायक्रोआरएनएला वाव आहे तो तिथे.

या वाटेवरचे काम मोजके आहे, पण ठोस आहे. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, तरी मायक्रोआरएनए भरपूर असतात. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २०१० साली दाखवले, की काही सिकलसेल रुग्णांच्या तरुण तांबड्या पेशींत मिर-१४४ वाढलेला असतो, तो ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या एनआरएफ२ या प्रथिनाला दाबतो आणि त्याच रुग्णांत रक्तक्षय जास्त दिसतो. दुसरा धागा त्या ल्युकेमियाच्या जोडीचा. तेरावे गुणसूत्र तीनदा असलेल्या बाळांत एचबीएफ जास्त काळ चढे राहते, ही जुनी नोंद होती. विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिचा उलगडा केला: गुणसूत्र जास्त म्हणून मिर-१५ए व मिर-१६ जास्त, ते एमवायबी या जनुकाला दाबतात आणि एमवायबी दबले की एचबीएफ वाढते. हा शोध ५,४३० जोड्यांच्या तक्त्यातून निघाला असता का? त्या तक्त्यात एचबीएफ नावाचा रकानाच नाही, कारण तो रोग नव्हे. मेशच्या फांद्यांवर सिकलसेल हिमोग्लोबिनच्या दोषांत आणि ल्युकेमिया गाठींच्या शाखेत बसतो, म्हणजे साम्यही क्षीण. डॉक्टरला हवे असते तीव्रतेचे भाकीत आणि तक्ता जाणतो फक्त रोगाचे नाव.

मोजमापातही एक सापळा आहे, आणि तो सिकलसेलमध्येच सर्वांत खोल आहे. बहुतेक अभ्यास रक्तातल्या प्लाझ्मामध्ये मायक्रोआरएनए मोजतात. पण मिर-४५१ए, मिर-१४४, मिर-१६ हे मुळात तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. नमुना घेताना किंवा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थोड्या पेशी फुटल्या, तरी प्लाझ्मातली त्यांची पातळी उसळते. म्हणून मिर-४५१ए आणि पेशी फुटल्याने फारसा न बदलणारा मिर-२३ए यांचे गुणोत्तर पाहून बिघडलेले नमुने बाजूला काढतात. सिकलसेलमध्ये तर पेशी शरीरातच फुटत असतात. तिथे वाढलेला मिर-१६ हा रोगाचा दुवा, उपचाराचा परिणाम की नळीत फुटलेल्या पेशींचा कचरा, हे नमुन्याचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज सांगता येत नाही. तक्त्यात मात्र तिन्हींची नोंद एकाच आकड्याने होते: १. आणि मॉडेल त्या १ वर शिकते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मॉडेलला कार्यकारण सांगायचेच नाही. ते फक्त यादी लहान करते, पुढचे काम प्रयोगशाळेचे. आक्षेप रास्त आहे, आणि कर्करोगाच्या भरगच्च ओळींपुरता तो टिकतोही. पण यादी लहान करण्याचे मोल नोंदी नसलेल्या ठिकाणी सर्वांत जास्त, आणि मॉडेल तिथेच सर्वांत दुबळे. संपूर्ण रोगच लपवून, त्याची एकही जोडी न दाखवता भाकीत करायला लावले, तर गुण किती घसरतो हा खरा प्रश्न आहे, आणि ही परीक्षा प्रत्येक निबंधात पहिल्या पानावर असली पाहिजे. दुसरा आक्षेप: डेटाबेस सुधारत आहेत. खरे आहे. एचएमडीडीच्या चौथ्या आवृत्तीत ५३ हजारांहून अधिक जोड्या आणि दोन हजारांहून अधिक रोग आहेत, आणि मधल्या काळात पुराव्याचा प्रकार व कार्यकारणाच्या नोंदीही आल्या आहेत. पण या वाढीने एक चांगली कसोटी आयती हाती दिली आहे: जुन्या आवृत्तीवर शिकवा, नव्या आवृत्तीत पहिल्यांदा आलेल्या जोड्यांवर तपासा. भूतकाळावर शिकून भविष्य ओळखणे याला भाकीत म्हणतात. मधली घरे झाकून ती भरणे हे शब्दकोडे. अर्थात ही कसोटीही संशोधकांच्या सवयींपासून पूर्ण मुक्त नाही, म्हणून रोगवार निकाल वेगळे छापायला हवेत.

तिसरा आक्षेप नव्या दमाचा आहे: कोट्यवधी आरएनए क्रमांवर आधीच शिकलेली मोठी भाषिक मॉडेले आता मायक्रोआरएनएची ओळख अक्षरक्रमावरून देतात, मग छापील नोंदींची गरज काय? मायक्रोआरएनएच्या बाजूने हे मोठे पाऊल आहे. अजून अभ्यास न झालेला तुकडाही त्यामुळे परीक्षेला बसू शकतो. पण रोगाची बाजू अजून शब्दसंग्रहातून आणि निबंधांच्या मजकुरातूनच येते. शिवाय एकच तुकडा एका ऊतीत गाठ रोखतो आणि दुसऱ्या ऊतीत वाढवतो. पेशी, वय, उपचार यांचा संदर्भ अक्षरक्रमात लिहिलेला नसतो. वर्तवणे आणि उपचार यांच्यातले अंतर तर आणखी लांब आहे. मिर-३४ए ची नक्कल असलेले एमआरएक्स३४ हे औषध कर्करोगाच्या रुग्णांवर तपासताना प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम दिसले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. उलट, सिकलसेलमध्ये आशादायक ठरलेली एक जनुकोपचार पद्धती मायक्रोआरएनएच्या सांगाड्यातच बसवलेली आहे. बोस्टनच्या गटाने एचबीएफला दाबणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाला तशा सांगाड्यातल्या तुकड्याने रोखले आणि २०२१ साली सहा रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती पद्धती रोगाची यंत्रणा समजून घेऊन मिळालेली होती, गुणांच्या यादीतून आलेली नव्हती.

चौथा आक्षेप घरचा आहे, आणि तो सर्वांत जवळचा. संगणक स्वस्त, प्रयोगशाळा महाग, मग इथल्या विद्यार्थ्यांनी मॉडेल करण्यात गैर काय? गैर काहीच नाही. भिलाईत आयआयटी आहे, सेक्टर ९ चे रुग्णालय आहे, रायपूरला एम्स आणि सिकलसेल संस्था आहे, पलीकडे नागपूर आहे. पण तयार तक्ता उतरवून त्यावर आणखी एक ग्राफ नेटवर्क बसवले, तर दूरदेशी छापलेल्या निबंधांच्या सवयींचीच ती पुनरावृत्ती होते. इथे जे आहे आणि इतरत्र सहज नाही, ते म्हणजे रुग्ण आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. थोडेच रुग्ण घ्या, पण प्रत्येकाचे एचबीएफ, हॅप्लोटाइप, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा डोस, वेदनेचे झटके, रक्त घेतल्यापासून गोठवेपर्यंत गेलेला वेळ आणि पेशी फुटल्याचे गुणोत्तर नोंदवा. समाजाची नोंदही हवी, कारण इथल्या पोलाद कारखान्यासाठी १९५० च्या दशकापासून देशभरातून माणसे इथे आली आणि क्वार्टरांच्या एकाच ओळीत विदर्भातले, केरळातले आणि पंजाबातले घर शेजारी आले. भिलाईचे रक्त म्हणजे एक लोकसमूह असे गृहीत धरले, तर मॉडेल रोगाऐवजी माणसांची गावे ओळखायला शिकेल. ही नोंदणी दिमाखदार नाही, तिला आद्याक्षरांचे नाव मिळणार नाही, पण डीप लर्निंगला शिकण्यासारखे काही द्यायचे तर ते हेच आहे.

मग मॉडेलला पास-नापास कशावर ठरवायचे? या पट्ट्यापुरता निकष साधा ठेवता येतो. सिकलसेलच्या मुलाचे एचबीएफ एचपीएलसी यंत्रावर आजही मोजले जाते आणि त्यावरून तीव्रतेचा बराचसा अंदाज येतो. मॉडेलने सुचवलेले मायक्रोआरएनए त्या एका आकड्यात काही भर घालतात का? पुढच्या वर्षात कोणत्या मुलाला रुग्णालय गाठावे लागेल हे एचबीएफपेक्षा थोडे तरी जास्त बरोबर सांगतात का? भर घालत असतील, तर गुण ०.८५ असला तरी ते मॉडेल ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत बावीस लाख डॉलर किंमत असलेला जनुकोपचार ज्या प्रदेशाला परवडणारा नाही, तिथे कोणाकडे आधी लक्ष द्यायचे हे सांगणारी स्वस्त खूण मोलाचीच ठरेल. आणि काहीच भर पडत नसेल, तर ०.९७ हा फक्त शोधनिबंधांच्या सवयींना दिलेला गुण आहे, आणि तो आपल्या उपयोगाचा नाही.